रेडिओ ताइसो: घरातल्या मोठ्यांसाठी सव्वातीन मिनिटांची जपानी कवायत

सत्तरी ओलांडलेले आईवडील घरात आहेत आणि त्यांनी रोज थोडं तरी हलावं म्हणून तुमची धडपड चालू आहे, तर हे परीक्षण तुमच्यासाठी लिहिलंय. यात विकत काही घ्यायचं नाही. वर्गणी नाही, नोंदणी नाही, मनगटावर काही बांधायचं नाही. जपानमध्ये रोज सकाळी साडेसहाला एनएचके या तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या रेडिओवर पिआनोच्या तालावर एक कवायत लागते, तिचं नाव रेडिओ ताइसो. माझ्या आईबाबांनी ती आधी तिकडे केली आणि आता डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये करतात. आई ७४ वर्षांची, बाबा ७९. पाचपैकी साडेचार गुण मी आत्ताच देऊन टाकते. अर्धा का कापला तेही पुढे येईल.

आधी बाकीच्या साधनांबद्दल बोलते, कारण आम्ही ती सगळी करून बसलो होतो. बाबांच्या फोनवर पावलं मोजणारं एक ॲप टाकलं होतं. नाव घेत नाही, बहुतेक ॲपं एकाच साच्यातली असतात. रोजचं उद्दिष्ट १०,००० पावलं. हा आकडा कुणी ठरवला, असं बाबांनी विचारलं तेव्हा घरात कुणालाच सांगता आलं नाही. पुढे मी वाचलं, की १९६५ च्या सुमारास जपानमध्ये ‘मानपो-केई’ नावाचं पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याच्याबरोबर हा आकडा जगभर पसरला. म्हणजे त्यामागे विक्रीचा हात मोठा होता. इकडे बाबा रात्री जेवायला बसले की फोन वाजायचा आणि आजचं उद्दिष्ट अपुरं राहिल्याचं सांगायचा. ज्याचा गुडघा सुजलाय त्याला हे रोज ऐकवलं तर तो जास्त चालत नाही, फोन घरी ठेवून बाहेर पडतो. बाबांनी तेच केलं.

आईचं वेगळं. टीव्हीवर सकाळी योगाचे कार्यक्रम लागतात, ते ती मन लावून बघायची. नुसती बघायची. कारण पहिली सूचनाच अशी असते, की चटई अंथरा आणि खाली बसा. जिचा सगळा प्रश्न खाली बसून पुन्हा उठण्याचा आहे तिचा व्यायाम तिथेच संपतो. शिकवणारी मुलगी पंचविशीची, तिचं कपाळ गुडघ्याला लागतंय, आणि समोर सोफ्यावर आई चहा घेत म्हणतेय, “छान करते हो.” योगाला मी नावं ठेवत नाही, माझा स्वतःचा त्याच्यावर विश्वास आहे. पण पडद्यावर जे दाखवलं जातं ते आईच्या वयाच्या बाईला समोर ठेवून केलेलं नसतं, हे मला पाहून पाहून पटलं आहे. आणि चालणं? चालणं उत्तमच. फक्त डोंबिवलीत जून ते सप्टेंबर कुठे चालायचं ते सांगा. फूटपाथवर दुचाक्या, रस्त्याला खड्डे, खड्ड्यांत पाणी. आई एकदा बाथरूममध्ये पडली होती, त्यानंतर ओल्या जमिनीची भीती तिच्या मनातून गेलेली नाही.

माझा भाऊ तोक्योच्या एदोगावा भागात निशी-कासाईला राहतो. तिथे भारतीय कुटुंबं इतकी आहेत, की कढीपत्ता कुठे मिळतो आणि मराठी बायका कुठे भेटतात याचा पत्ता आईला पहिल्या आठवड्यातच लागला. दोघं उन्हाळ्यात त्याच्याकडे राहिले, शेवटचे काही आठवडे मीही होते, त्यामुळे पुढचं बरंचसं डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

त्याच्या इमारतीमागे एक लहान बाग आहे. दोन झोपाळे, एक घसरगुंडी, चार बाकं. सहा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास तिथे माणसं जमायला लागतात, बहुतेक सगळी साठीच्या पुढची. एक आजोबा जुना ट्रान्झिस्टर आणतात आणि घसरगुंडीच्या कठड्याला अडकवतात. प्रत्येकाची उभं राहायची जागा ठरलेली. एकमेकांना वाकून नमस्कार होतो, हवेबद्दल दोन शब्द होतात आणि बरोबर साडेसहाला रेडिओवर आधी एक गाणं, मग पिआनो सुरू होतो. सगळा कार्यक्रम दहा मिनिटांचा. तेवढ्यात पहिली कवायत होते, दुसरी होते आणि माणसं आपापल्या वाटेने निघून जातात. एक बाई पिशवीत झाडू घेऊन यायच्या, जाताना वाळलेली पानं गोळा करून जायच्या.

आई सुरुवातीला साडी आणि पायात बूट अशी कडेला उभी राहून बघत होती. भाषा येत नाही, कुणाची ओळख नाही. तिच्याच वयाच्या एका आजींनी तिला बाकाकडे खूण केली, स्वतः समोरच्या बाकावर बसल्या आणि बसल्या बसल्या हात वर केले. आईनेही केले. हात खाली, पुन्हा वर. उजवा खांदा पूर्ण वर जात नव्हता, आखडलेला होता, तर त्या आजींनी आपलाही हात तेवढ्यावरच थांबवला. पुढे रोज त्या आईच्या समोरच बसत. नाव विचारायलाही दोघींना भाषा नव्हती. आईला त्या वेळी कुणी व्यायामाचे फायदे सांगितले असते तर तिने मान डोलावली असती आणि दुसऱ्या दिवशी घरीच थांबली असती. तिथे ती गेली, कारण कुणीतरी समोर बसून वाट बघत होतं.

जुलै सरता सरता शाळांना सुट्टी लागली आणि बागेत मुलं यायला लागली. गळ्यात दोरीने अडकवलेलं कार्ड असतं. कवायत संपली की रांगेत उभं राहून त्या दिवसाच्या चौकटीत शिक्का मारून घ्यायचा. जपानी मुलांच्या सुट्टीतला हा नेम फार जुना आहे. शिक्का मारायचं काम ट्रान्झिस्टरवाल्या आजोबांकडे होतं. एका सकाळी त्यांनी शाईची पेटी बाबांच्या हातात दिली. बाबांनी सगळ्या रांगेला शिक्के मारले, प्रत्येक चौकटीच्या अगदी मधोमध. दुसऱ्या दिवशी ते साडेपाचला दाढी करून तयार होते.

आता ही आली कुठून ते थोडक्यात सांगते, कारण त्यातून ती टिकली का हे कळतं. प्रक्षेपण सुरू झालं १ नोव्हेंबर १९२८ ला. कल्पना मूळची अमेरिकेतली. मेट्रोपोलिटन लाइफ या विमा कंपनीने १९२५ मध्ये न्यूयॉर्कहून रेडिओवर सकाळचा व्यायाम सुरू केला होता. जपानमध्ये तेव्हा टपाल खात्याचा साधा आयुर्विमा होता, त्या खात्याच्या अधिकाऱ्यांनी ही कल्पना उचलली, एनएचकेला बरोबर घेतलं आणि टपाल कचेऱ्यांच्या माणसांनी ती गावोगाव नेली. विमेदार जितका जगेल तितके हप्ते जास्त येतील, हा त्यामागचा हिशेब. मला यात काही वावगं वाटत नाही. माझ्या जगण्यात ज्याचा फायदा आहे त्याने मला व्यायाम शिकवणं चांगलंच. ॲपवाल्याचा फायदा मी फोनकडे किती वेळ बघते यात असतो, आणि दोघांच्या वस्तूत तो फरक उतरतोच. टपाल विम्याचा वारसा चालवणारी कांपो ही कंपनी आजही या कवायतीचा प्रसार करते, तिचे व्हिडिओ फुकट ठेवते.

युद्धाच्या काळात हीच कवायत लष्करी शिस्तीसाठी राबवली गेली, म्हणून युद्धानंतर ती काही वर्षं बंद होती. आज ऐकू येते ती पहिली कवायत १९५१ ला नव्याने रचलेली, संगीत तादाशी हात्तोरी यांचं. १९५२ मध्ये दुसरी आली, तिचं संगीत इकुमा दान यांचं. तिसरी, आणि आपल्या कामाची, १९९९ ची. ते वर्ष संयुक्त राष्ट्रांनी ज्येष्ठांचं वर्ष म्हणून पाळलं होतं. तेव्हा ‘मिन्ना नो ताइसो’ तयार झाली, वय किंवा अपंगत्व आड न येता कुणालाही करता येईल अशी. यात आठच हालचाली, संथ, आणि बसूनही जमतील अशा.

पहिल्या कवायतीत १३ हालचाली आहेत आणि सगळं मिळून सव्वातीन मिनिटं लागतात. रचना बघण्यासारखी आहे. सुरुवात समोरून हात वर नेऊन ताणण्याने. दुसऱ्या हालचालीत हात झुलवत टाचा उचलायच्या आणि गुडघे किंचित वाकवायचे. मग हात गोल फिरवणं, छाती मागे, बाजूला वाकणं, पुढेमागे वाकणं, कमरेतून वळणं. आठवी मला सगळ्यात आवडते. बोटं झटक्यात खांद्यांवर, तिथून सरळ वर, परत खांद्यांवर, मग खाली. पिआनो इथे ठाशीव होतो आणि आपोआप पाठ ताठ होते. नंतर तिरकं खाली वाकणं, धड गोल फिरवणं, आणि अकराव्या क्रमांकाला उड्या. मग पुन्हा दुसरी हालचाल, आता दम खाली बसवण्यासाठी, आणि शेवटी दीर्घ श्वास. सोपं आधी, अवघड मध्ये, जोराचं शेवटाकडे, आणि मग उतार. सव्वातीन मिनिटांत हा चढउतार बसवलाय, आणि मान सोडली तर शरीराचा बहुतेक प्रत्येक सांधा त्यात येऊन जातो. मानेचा व्यायाम रेडिओवर पहिल्या आणि दुसऱ्या कवायतीच्या मध्ये वेगळा घेतात.

त्यातला टाचा उचलण्याचा भाग वरवर किरकोळ वाटतो. आईबाबांच्या वयाला मात्र तोच कामाचा. पोटऱ्यांत जोर राहिला तर माणूस ठेच लागली तरी सावरतो. खुर्चीची पाठ धरून केलं तरी चालतं.

बाबांना ही इतक्या लवकर का जमली, याचं कारण मला इथे परत आल्यावर कळलं. त्यांची शाळा साताऱ्याकडची. त्या मुलखात औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शाळाशाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते, आणि बाबांच्या शिक्षकांची पिढी त्यातून गेलेली. बाबांच्या वेळी मैदानावर ढोलाच्या ठेक्यावर सामुदायिक कवायत असायची, सर शिट्टी मारायचे, एक-दोन-तीन-चार म्हणायचे. १५ ऑगस्टला लेझीम. पिआनो सुरू झाला की बाबांचे पाय आपोआप खांद्यांइतके फाकतात. त्यांना हे नव्याने शिकावं लागलं नाही, अंगात होतंच. तुमच्या घरातली माणसंही बहुधा अशाच मैदानावर उभी राहिलेली असतील. म्हणून मला वाटतं, की हे साधन आपल्याकडच्या ज्येष्ठांना कुठल्याही ॲपपेक्षा जवळचं वाटेल. सूचना येते, आठ मोजले जातात, बाजूचा करतोय म्हणून आपणही करतो. विचार करायला, निवडायला, बटण दाबायला काही नाही.

तोक्योच्या पावसाळ्यात बागेत जाता येत नसे, तेव्हा टीव्हीचा उपयोग झाला. एनएचकेच्या शैक्षणिक वाहिनीवर सकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी हीच कवायत दहा मिनिटं लागते. स्टुडिओत पिआनो वाजवणारा प्रत्यक्ष बसलेला असतो, एक प्रशिक्षक बोलत असतो, आणि करून दाखवणाऱ्यांपैकी एक जण खुर्चीवर बसून सगळं करते. हे मी आपल्याकडच्या कुठल्याच कार्यक्रमात पाहिलेलं नाही. बसून करणारीला कोपऱ्यात छोट्या चौकटीत टाकलेलं नाही, ती बाकीच्यांच्या ओळीतच असते, तेच कपडे, तेच हसू. आईने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली, “म्हणजे बसून केलेलंही धरतात.” टीव्हीवरच्या योगाच्या कार्यक्रमांनी इतकी वर्षं तिला जे सांगितलं नाही ते या एका खुर्चीने सांगितलं. आपल्याकडे जे कुणी असे कार्यक्रम करतात त्यांनी दुसरं काही उचललं नाही तरी ही खुर्ची उचलावी.

रेडिओ बरा की टीव्ही, याचं माझं उत्तर: शिकताना टीव्ही, पुढे रेडिओ. पडद्याकडे मान वर करून बघत वाकणं ७५ च्या पुढे धोक्याचं आहे, तोल जातो. हालचाली पाठ झाल्या की नुसता आवाज पुरतो, डोळे मोकळे राहतात, आणि माणसं एकमेकांकडे बघतात.

डोंबिवलीत परत आल्यावर पहिली अडचण वेळेची. तिकडे साडेसहा वाजतात तेव्हा इथे पहाटेचे तीन असतात, त्यामुळे थेट प्रक्षेपणाचा प्रश्नच नाही. व्हिडिओ लावून बघितला, तर पहिली कवायत संपून पुढची लागायच्या आत बनियनची जाहिरात, आणि तोवर आई बसून घेते. शेवटी मी आवाज पेन ड्राइव्हवर घेतला आणि छोट्या स्पीकरला लावून दिला. हे कराच. स्पीकरला एकच बटण असावं आणि ते आईबाबांपैकी कुणालाही दाबता यावं, माझ्यावर किंवा नातवावर अवलंबून राहायला नको.

वेळ बाबांनी ठरवली, पावणेसात. पाणी येऊन गेलेलं असतं, दूधवाला येऊन गेलेला असतो. जागा पार्किंगची, कारण वर छप्पर आहे आणि खाली फरशी कोरडी. स्पीकर वॉचमनच्या टेबलावर. पहिले काही दिवस दोघंच. येणारेजाणारे बघायचे आणि पुढे जायचे. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या, मग त्यांच्या दिराला घेऊन आल्या. आता आठ-दहा जण असतात. आयुष्य रेल्वेत काढलेले बाबा पावणेसातला म्हणजे पावणेसातलाच बटण दाबतात, कुणासाठी थांबत नाहीत. याबद्दल एकदोघांनी कुरकूर केली. मला बाबांचं बरोबर वाटतं. रोज पाच मिनिटं कुणाची तरी वाट पाहिली असती तर महिन्याभरात सगळं बारगळलं असतं. ठरलेली वेळ हा या साधनाचा अर्धा जीव आहे. हवं तेव्हा, हवं तिथे करता येतं असं सांगणाऱ्या गोष्टी आमच्या घरात कधीच झाल्या नाहीत.

भाषेचा प्रश्न मात्र खरा आहे. पिआनोवर जपानी सूचना येतात, आणि पार्किंगमध्ये बाबा आणि आई सोडून कुणाला त्यांचा अंदाज नव्हता. जपानमध्ये २०११ च्या त्सुनामीनंतर इशिनोमाकी या किनाऱ्यावरच्या शहरात तिथल्या लोकांनी रेडिओ ताइसोच्या सूचना तिथल्या बोलीत म्हटल्या. घरं वाहून गेलेली माणसं तात्पुरत्या खोल्यांत राहत होती, म्हाताऱ्या माणसांचं अंग आखडत चाललं होतं, आणि आपल्या गावाच्या बोलीत कुणीतरी “आता हात वर” म्हणतंय, एवढ्याने ती उठत होती. भावाने मला हे दाखवलं तेव्हा ठरवलं, की आपणही करायचं. बाबांनी कागदावर सूचना लिहून काढल्या आणि मी फोनवर त्यांचा आवाज पिआनोवर चढवला. “समोरून हात वर, श्वास घ्या... बाजूने खाली. टाचा उचला. गुडघा दुखत असेल त्यांनी वाकवू नका, नुसते हात.” उड्यांच्या ठिकाणी ते म्हणतात, “उड्या नाहीत, जागेवर पाय.” रेकॉर्डिंगमध्ये मागे कुकरची शिट्टी ऐकू येते, ती तशीच राहू दिली. घरच्यापुरतं आहे, म्हणून हे चालून जातं.

पण हे घरी का करावं लागावं? आकाशवाणीची पुणे, नागपूर, रत्नागिरी, कोल्हापूर, परभणी अशी केंद्रं आहेत. सकाळच्या प्रादेशिक बातम्यांच्या वेळी रेडिओ लावणारी घरं अजून आहेत, आणि त्या घरांत नेमकी हीच माणसं असतात. बातम्यांच्या आधी रोज त्याच वेळी चार मिनिटं द्यायची. पेटी आणि तबल्यावर बसवलेली साधी चाल, एक ओळखीचा मराठी आवाज, सिंधुदुर्गात मालवणीत, नागपूरला वऱ्हाडीत. हालचाली कुठल्याही चांगल्या फिजिओथेरपिस्टकडून बसवून घ्याव्यात. यासाठी नवं तंत्रज्ञान लागत नाही, मोठा खर्च लागत नाही. चार वर्षांनी कुणी बंद करणार नाही एवढी खात्री मात्र लागते, कारण सवय लागायलाच वर्ष जातं. मला हे मनापासून हवं आहे आणि मी संबंधितांना पत्रही लिहिणार आहे.

फरक काय पडला, ते जसं आहे तसं सांगते. आईचा खांदा बराच मोकळा झालाय, वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा ती स्वतः काढते. जिना उतरताना कठड्याला दोन्ही हातांनी धरायची, आता एका हाताने धरते. बाबांचा गुडघा आहे तसाच आहे, तो सव्वातीन मिनिटांनी बरा होणार नव्हता. साखरेचं सांगणार नाही, कारण औषधही त्याच सुमारास बदललंय. सगळ्यात मोठा फरक हा, की सकाळी सात वाजता दोघं घराबाहेर असतात, केस विंचरलेले असतात आणि चार माणसांशी बोललेले असतात.

अर्धा गुण कापला त्याचं कारण: हे पुरेसं नाही, आणि ते पुरेसं आहे असा समज सहज होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ज्या सूचना दिल्या त्यांत ६५ च्या पुढच्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे, आणि त्याखेरीज आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम. रोज सव्वातीन मिनिटं केली तर आठवड्याची पंचवीस मिनिटंही होत नाहीत. मांड्यांना ताकद देणारंही यात फार नाही. म्हणून पार्किंगमध्ये आम्ही दोन गोष्टी जोडल्या. हात न टेकता खुर्चीतून उठणं आणि बसणं, आणि भिंतीजवळ एका पायावर उभं राहणं, एक हात भिंतीपासून वीतभर अंतरावर. मग सगळे मिळून इमारतीला फेऱ्या मारतात. कवायतीमुळे माणसं खाली येतात, पुढचं चालणं त्या ओघात होतं.

दुसरं, पहिली कवायत जशीच्या तशी कुणालाही करायला देऊ नका. तिरकं खाली वाकणं आणि धड गोल फिरवणं या दोन हालचालींत चक्कर येणाऱ्या माणसाचा तोल जाऊ शकतो. हाडं ठिसूळ झालेली असतील, मणक्याचं काही असेल, तर कमरेतून पुढे वाकणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. उठल्या उठल्या, काही पोटात न जाता, रक्तदाबाची गोळी नुकतीच घेतलेली असताना तर अजिबात नको. जपानी वेग आपल्या मंडळींना जास्त वाटतो, तेव्हा एका ठेक्याला अर्धीच हालचाल केली तरी चालते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दोन ठेक्यांना एकदा हात वर करतात, कुणी त्यांना घाई करत नाही. दुसरी कवायत नोकरीच्या वयातल्या माणसांसाठी आहे, जोरकस आहे, ती आमच्याकडे मी एकटी करते.

सुरुवात करायची असेल तर ‘मिन्ना नो ताइसो’ने करा. फोनवर मराठीत बोलून शोधलं तरी सापडते. बसून करण्याचा व्हिडिओ वेगळा आहे, तो निवडा. पहिले पंधरा दिवस तुम्ही स्वतः समोर उभे राहा, मागे किंवा बाजूला नको. खुर्ची चाकांची किंवा प्लास्टिकची नको, लाकडी किंवा लोखंडी घ्या आणि पाठ भिंतीला टेकवून ठेवा. पायात सपाता नकोत, मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट हवेत. साडी असेल तर निऱ्या घोट्याच्या वर. स्पीकर इतक्याच आवाजात लावा, की बाजूच्या माणसाने “आज गुडघा कसा आहे” असं विचारलं तर ऐकू यावं.